मॉनिटरचं कपाळ

ज्योतीराम घोडके काही रडका माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी म्हणायचं, म्हाताऱ्यानं उगाच मनाला लावून घेतलं. औशाकडून तरुणपणी पोटासाठी आलेला माणूस. चाकणच्या कंपनीत उभी हयात एका मशीनवर काढली, मोशीत फ्लॅट घेतला, पोरीला शिकवलं, बायकोला पोचवलं, आणि यंदाच्या उन्हाळ्यात रिटायर होऊन घरी बसला. एवढ्या सगळ्यात कधी कुणापुढं तोंड वेंगाडलं नाही. आता त्याचं मागणं एवढंच उरलं होतं, की आठवड्यातून एकदा लेकीनं आपल्याकडं नीट बघावं.

लेक विजयश्री आयर्लंडला. जाताना तिनं आपला कामाचा कॉम्प्युटर बापाजवळ ठेवला. लॉकडाउनमध्ये घरून काम करण्यासाठी घेतलेला, कॅमेरा मॉनिटरमध्येच बसवलेला. "बाबा, दर रविवारी संध्याकाळी मी कॉल करीन. तुम्ही फक्त इथं दाबायचं. मी तुम्हाला दिसेन, तुम्ही मला दिसाल." ज्योतीरामचा फोन बटणांचा, त्यात तोंड दिसायची सोय नव्हती. म्हणून सगळी मदार त्या मॉनिटरवर.

मॉनिटर होता मात्र देखणा, हां! ज्योतीराम यंत्रातला माणूस, त्याला त्याचं भारी कौतुक. पाय चपटा आणि जड, धक्का लागला तरी जागचा हलायचा नाही. पाठीमागचा दांडा असा, की दोन बोटांनी दाबलं तरी पडदा अलगद खाली यायचा आणि सोडाल तिथं थांबायचा. मान पुढं-मागं व्हायची, डावीउजवीकडं वळायची. एवढंच काय, गडी कुशीवर वळून उभासुद्धा राहायचा. समोर एक बटण म्हणून नाही. मागं, खालच्या अंगाला, एक इवलीशी घुंडी, अंगठ्यानं हलवली की उजेड कमीजास्त. प्रभावतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, जुन्या साडीचं काठ लावलेलं झाकण त्याला शिवलं होतं, फ्रिजला आणि मिक्सरला होतं तसंच. विजयश्री डोक्याला हात लावायची. "अगं आई, त्याला मागं हवा जायला भोकं असतात!" त्यावर प्रभावती म्हणायची, "असू देत. धूळ काय भोकांना विचारून बसते?"

एकच गोष्ट ज्योतीरामला खटकायची. त्याला चौकट नव्हती. प्रभावती गेल्यावर त्याला वाटलं, तिचा फोटो इथं समोर लावावा. पूर्वीच्या टीव्हीला कशी बोटभर रुंद चौकट असायची, तिच्यावर गणपतीचं स्टिकर बसायचं, कुणाची लग्नपत्रिका खोचता यायची. इथं तिन्ही बाजूंना कडा नावालाच. वरच्या बाजूला तेवढी मधोमध जरा रुंद काळी पट्टी, कॅमेऱ्यापुरती. शेवटी त्यानं फोटो पडद्यावरच चिकटवला, खालच्या उजव्या कोपऱ्यात. कॉल चालू असताना त्या कोपऱ्यात आपलंच चित्र छोट्या चौकोनात दिसायचं, आणि आपल्या शेजारी प्रभावतीची रिकामी खुर्ची. तो चौकोन फोटोखाली झाकला गेला, हे त्याला बरंच वाटलं. आपलं थोबाड आपण काय बघायचं? आणि ती खुर्ची तर मुळीच नको.

मग आली खंडेनवमी. कंपनीत त्या दिवशी काय थाट असायचा! मशीन धुऊनपुसून लख्ख करायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि मशीनच्या कपाळावर मधोमध हळदकुंकू लावायचं. इतक्या वर्षांत ज्योतीरामनं आपल्या मशीनला दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं. यंदा पूजेला मशीनच नाही. सकाळपासून त्याच्या घरात येरझाऱ्या चाललेल्या. मिक्सरची करावी, तर तो प्रभावतीचा. इस्त्रीची करावी, तर ती बंद पडलेली. फिरून फिरून नजर मॉनिटरवर गेली. हेच आता आपलं मशीन, म्हणाला. मऊ फडक्यानं पुसलं, पायापाशी झेंडूची फुलं ठेवली, आणि वरच्या काळ्या पट्टीवर, मधोमध, आधी हळद, तिच्यावर ओलं कुंकू. बोलताना त्या पट्टीवर एक पांढरा ठिपका उजळायचा, त्याच्या समजुतीनं तोच कॅमेऱ्याचा डोळा. "डोळ्यात कुंकू जायला नको बाबा," असं स्वतःशीच पुटपुटत त्यानं तो ठिपका जपून सोडला आणि शेजारी ठसठशीत टिळा लावला. हात जोडले. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं. कंपनीत ते आपोआप उडून जाईपर्यंत मशीनवर राहायचं, तसंच ते इथंही राहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. तळमजल्यावरच्या अंबुबाई धावत आल्या. मोशीच्या जुन्या घरातली बाई, जिच्या शेतावर ही इमारत उभी राहिली ती हीच. तिनंच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं, आणि वर भाकरी-पिठलं आणून समोर ठेवलं.

"लेकीला कळवलं का?" तिनं विचारलं.

"रविवारी करतीच की ती फोन."

"आन् तवर? आवं, हात मोडलाय, हातरूमाल न्हाई हरवला!"

"रविवारी बघेलच ती," ज्योतीराम म्हणाला. अंबुबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं, की हा माणूस हातावर पडला का डोक्यावर.

पण त्याचंही एक कारण होतं. मागं एकदा त्यानं विजयश्रीला सहज सांगितलं होतं, खोकला झालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक अनोळखी पोरगा हजर, रक्त काढून घेऊन गेला. संध्याकाळी औषधांचं पार्सल आलं. त्याच्या मागोमाग वाफ घ्यायचं यंत्र. सगळं आलं, फक्त पोरीचा आवाज रविवारीच आला, नेहमीसारखा. तेव्हापासून ज्योतीरामनं कानाला खडा लावला होता. सांगून मिळालेली माया म्हणजे मागून घेतलेला चहा, कितीही साखर घातली तरी गोड लागत नाही. आपण सांगायचं नाही. तिनं बघावं, तिनं दचकावं, तिनं विचारावं, "बाबा, हाताला काय झालं?" बस्स. पुढचं सगळं सहन करायला तो तयार होता.

पहिला रविवार आला. त्यानं दाढी केली, केस विंचरले, प्लास्टर गळ्यातल्या झोळीत अडकवून समोर बसला. पांढरा ठिपका लागला. विजयश्री पडद्यावर आली. तिकडची थंडी सांगितली, ऑफिसातल्या कुणाचं तरी लग्न सांगितलं, भाज्या कशा बेचव ते सांगितलं. तिची नजर जरा बाजूला असायची, पण त्याचं उत्तर तिनं पूर्वीच देऊन ठेवलं होतं. "बाबा, कॅमेरा वर असतो आणि माणूस खाली, म्हणून नजर जुळत नाही." यंत्राचा दोष, त्याला पटलं होतं. शेवटी ती म्हणाली, "छान दिसताय हं बाबा. जपा." आणि पडदा काळा झाला.

ज्योतीराम उठून मॉनिटरपुढं उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. अरे, मॉनिटर केवढा उंच ठेवलाय! तिच्या उंचीला लावलेला, तोच चालू आहे. तिला आपलं नुसतं डोकं दिसत असणार. हात खाली, प्लास्टर खाली. कसं दिसेल? दुसऱ्या रविवारी त्यानं उजव्या हातानं पडदा दाबून पार तळाला आणला. त्याची मान खाली वाकवली. प्लास्टर छातीशी धरलं. विजयश्रीनं तिच्या घरमालकिणीच्या मांजराची सगळी कथा सांगितली आणि शेवटी म्हणाली, "छान दिसताय हं बाबा."

मग दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिनं मुद्दाम कॉल केला, खिडकीतल्या पणत्या दाखवल्या. ज्योतीरामनं घरी नवीन शर्ट घेऊन ठेवलेला, पण बाही प्लास्टरवरून चढेना. शेवटी जुन्या सदऱ्याची बाही कात्रीनं उसवून तोच अंगात घातला होता. विजयश्री म्हणाली, "अय्या, नवीन शर्ट का बाबा? मस्त दिसतोय!" ज्योतीरामनं उसवलेल्या बाहीकडं बघितलं. मग त्यानं स्वतःचीच समजूत घातली. चित्र धूसर जात असेल. समुद्रापलीकडं जायचं म्हणजे थोडं तरी पुसट होणारच ना? त्यानं मागच्या घुंडीनं उजेड वाढवून ठेवला. त्या उजेडानं त्याचेच डोळे चुरचुरले, तिच्याकडं काय पोचणार होतं त्यातून?

पुढच्या रविवारी तर कहर झाला. मॉनिटरची मान अजून थोडी वळवावी म्हणून एका हातानं पडदा हलवायला गेला, आणि तो गर्रकन कुशीवर वळून उभा राहिला! विजयश्री आडवी. भिंतीवर पाय असल्यासारखी बोलतेय. ज्योतीराम घाबराघुबरा, एका हातानं पडदा परत फिरेना, मान वाकडी करून हो हो म्हणत होता. शेवटी कसाबसा फिरवला. घामाघूम. हसू येत होतं, आणि वाटलं आता तीही खळखळून हसणार, म्हणणार, "बाबा, हे काय चाललंय तुमचं?" लहानपणी अशी हसायची, की प्रभावतीला पाठीत धपाटा घालावा लागायचा. पण विजयश्री आपली बोलतच होती, तिच्या मॅनेजरबद्दल काहीतरी. "छान दिसताय हं बाबा," शेवटी म्हणाली. त्या दिवशी ज्योतीराम जेवला नाही. अंबुबाईंनी आणलेली भाकरी तशीच झाकून ठेवली.

त्यानंतर दोन दिवसांनी भरदुपारी मॉनिटर वाजायला लागला. रविवार नसताना! ज्योतीराम धडपडत आला. विजयश्री नव्हती. भैरू होता, कंपनीतला जुना जोडीदार, नोकरी सोडून औशाला, गावाकडं जाऊन बसलेला. त्याच्या सुनेनं ज्योतीरामचं खातं शोधून कॉल लावून दिला होता. पडदाभर भैरूचं टक्कल आणि मिशा.

"आरं ज्योत्या! कुटं हाईस तू? आवाज यायलाय, पर दिसंना की!"

"इथंच हाय की, समोर."

"काय समोर? समदं लालभडक दिसायलंय. आरं, कॅमेऱ्यावर काय चिकटवलास? कुंकू-बिंकू लावलास काय?" आणि भैरू मिशा थरथरवत हसायला लागला. "खंडेनवमी केलास का काय लेका मॉनिटरची?"

ज्योतीरामनं डोळे किलकिले करून पट्टीकडं बघितलं. पांढरा ठिपका नेहमीसारखा लागलेला होता. तो नुसता दिवा. आणि शेजारी, काळ्या काचेच्या आत, काळाच बारीक डोळा, त्याच्यावर आपल्याच बोटाचा ठसा, वाळून खडखडीत झालेला.

भैरूशी तो काय बोलला, त्याला आठवत नाही. कॉल संपला आणि तो खुर्चीत बसून एकटाच हसला. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! पोरीचा दोष नव्हता. तिला दिसलंच नव्हतं! हात मोडलेला बाप समोर बसलेला असून तिनं विचारलं नाही, असं झालंच नव्हतं. आपणच तिच्या डोळ्यात कुंकू घालून ठेवलं, आणि वर तिच्यावर रुसलो. हात्तिच्या, म्हणाला, काय गाढव माणूस मी! उठून त्यानं चहा टाकला, अंबुबाईंची भाकरी गरम करून खाल्ली.

इथंच थांबला असता तर सुखी झाला असता. पण माणसाचं डोकं म्हणजे मेलं घाण्याचा बैल, एकदा जुंपलं की फिरतच राहतं. चहा पिता पिता त्याचा हात थांबला. भैरूला पहिल्या झटक्यात दिसलं. मोतीबिंदू झालेल्या भैरूला! मग विजयश्रीला नुसतं लाल दिसत होतं, तर ती कधी म्हणाली कशी नाही, "बाबा, तुम्ही दिसत नाही"? एकदासुद्धा नाही? आणि छान कोण दिसत होतं? नवीन शर्ट कुणाचा?

चहा निवून गेला. त्यानं तो ओतून टाकला.

शनिवारी प्लास्टर काढायला बोलावलं होतं. ज्योतीराम गेलाच नाही. दवाखान्यातून फोन आला, तर म्हणाला, सोमवारी येतो. आत खाज सुटलेली, विणकामाची सुई घालून खाजवायचा, रात्रंदिवस जीव नकोसा झालेला. अंबुबाई चिडल्या. "हाड जुळलंय, आता काय प्लास्टरची सवय लागली व्हय तुमास्नी?" काय सांगणार? एकदा, फक्त एकदा, डोळा साफ असताना हे पोरीच्या समोर धरायचं होतं. कदाचित त्या सगळ्या दिवसांत तिच्या मागं काही घोळ लागला असेल. कदाचित तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला उगाच कशाला घाबरवा. एक संधी तर कुणालाही द्यावी.

रविवारी दुपारी त्यानं आधी हात जोडले, मग ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. काळा डोळा चमकायला लागला. प्रभावतीचा फोटोही त्यानं हळूच सोडवला आणि मॉनिटरच्या पायाशी टेकून ठेवला, कारण आज त्याला खात्री करून घ्यायची होती. संध्याकाळी कॉल लागला, आणि कोपऱ्यात बऱ्याच दिवसांनी त्याला तो स्वतः दिसला. गाल बसलेले, केस वाढलेले, मळकं प्लास्टर छातीवर आडवं. शेजारी खुर्ची. सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. औशाहूनसुद्धा दिसलं असतं.

विजयश्री बोलत होती. तिकडं संध्याकाळ लवकर होते, ऑफिस नव्या जागेत गेलं. ज्योतीराम ऐकत नव्हता, आज तो बघत होता. तिच्या चष्म्याच्या काचांत एक पांढरं पान वर वर सरकत होतं. ते थांबायचं, मग पुन्हा सरकायचं. तिची नजर ते वाचत खाली जायची. कॅमेरा वर, माणूस खाली, हे खरंच होतं. पण ती बापासाठी खाली बघत नव्हती.

"चला बाबा, ठेवते. छान दिसताय हं."

इतके दिवस त्यानं मनात भांडण तयार केलं होतं. एकेक वाक्य घोटून ठेवलं होतं. आता तोंड उघडलं, तर त्यातलं एकही सापडेना.

"विजू," तो म्हणाला. "जरा माझ्याकडं बघ ना गं."

"बघतेच आहे की बाबा."

"नाही. बघ."

काचांतलं पान थांबलं. मग ते नाहीसं झालं, आणि त्या जागी कॉलचे दोन छोटे चौकोन आले. तिचे डोळे वर आले. ती पुढं सरकली, एवढी, की पडदाभर तिचंच तोंड झालं.

"बाबा! हे काय? हाताला काय झालं?"

हेच वाक्य. याच वाक्यासाठी त्यानं मॉनिटर वर केला, खाली केला, वाकडा केला, उभा केला होता.

"पडलो होतो जरा. मनगट मोडलं."

"कधी?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

ज्योतीरामला दिसत होतं, ती आठवत मागं मागं जातेय. मांजराची कथा, पणत्या, नवीन शर्ट. तिचा खालचा ओठ आत गेला. लहानपणी हातून काही फुटलं की अस्सा जायचा. प्रभावती तेव्हा रागावायची, आणि ज्योतीराम मधे पडून म्हणायचा, अगं तिनं नाही फोडलं, माझाच धक्का लागला. आता मधे पडायला तोच होता, आणि रागवायलाही तोच.

"तुझा काय दोष त्यात?" तो घाईघाईनं म्हणाला. "इकडं कॅमेऱ्यालाच कुंकू लागलं होतं. खंडेनवमीची पूजा केली ना मी, तेव्हाचं. आत्ता कळलं मला. आजच पुसलं. तुला कसं दिसणार गं?"

मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "हो बाबा. जरा लालसरच दिसायचं. मला वाटलं, तुम्ही नाइट लॅम्प लावून बसता."

त्या घरात नाइट लॅम्प कधीच नव्हता. ती त्याच घरात वाढलेली.

"तेच म्हणतोय मी," ज्योतीराम म्हणाला. "यंत्राचा दोष."

मग तिनं सगळं विचारलं. कोणता डॉक्टर, कोण घेऊन गेलं, जेवता कसे, आंघोळ कशी करता. विचारताना तिचे डोळे एकदाही खाली गेले नाहीत. त्यानं प्लास्टर उलटंपालटं करून दाखवलं, उद्या निघतंय म्हणाला, बोटं हलवून दाखवली. तिनं अंबुबाईंचा नंबर मागितला. दोनदा नाक पुसलं. बोलणं संपल्यावरही तिनं लगेच कॉल ठेवला नाही, दोघं एकमेकांकडं नुसतीच बघत राहिली, आणि त्याला कुठं बघावं ते कळेना.

"जपा बाबा," ती म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

ज्योतीरामनं प्रभावतीचा फोटो उचलून पुन्हा कोपऱ्यात चिकटवला आणि झाकण घातलं. ते घालताना त्याच्या लक्षात आलं, की आज ती 'छान दिसताय' म्हणाली नाही. खोटं होतं ते, आता त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी ते शब्द ऐकायची त्याला सवय झाली होती, आणि आता पुढच्या रविवारीही ती ते म्हणणार नव्हती.